सुचलं की संपलं

सिस्टरला सुचायचं, हाच तिचा गुन्हा. एखादं जुनं हॉस्पिटल नव्या इमारतीत हलवायचं निघालं की चार ठिकाणची माणसं उसनी आणून टोळी बांधायची, काम झालं की मोडायची. बाकीचे आपापल्या घरी जात. पण जिला काही सुचतं तिला कोण सोडतंय? टोळी बांधणारे साहेब तिला उचलून पुढच्या टोळीत घालत. शाबासकी भरपूर, सुटका नाही. तिकडे घरी लेक आईविना दहावीला पोचली.

या खेपेला लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, गप्प बस. नुसती मान डोलव आणि घरी ये." सिस्टरने शब्द दिला होता.

साहेब बोलायला गोड. रोज सकाळी म्हणत, चुकलं तरी चालेल, पण काहीतरी नवं सांगा. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसत. बोलेल त्याच्याच गळ्यात काम पडणार, हे न कळायला कुणी दूधखुळे नव्हते. सिस्टरही मुकी झाली.

मग अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हलवायची पाळी आली. तालीम म्हणून ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांत बाहुल्या ठेवून नेल्या, तर अर्ध्या वाटेतच बॅटऱ्या बसल्या आणि पेट्या गार पडल्या. बघू, होईल काहीतरी, असं म्हणत साहेबांनी दुसरा दिवस पक्का केला. मेले, बोलू नकोस, असं सिस्टर स्वतःलाच दटावत होती.

"पेट्या हव्यात कशाला?" शेवटी ती म्हणालीच. "जी बाळं आपली आपण श्वास घेतात, ती आईच्या उघड्या छातीशी बांधा. वरून पांघरूण घाला आणि आईलाच चाकाच्या खुर्चीवरून न्या."

बाळांच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे मान्य केलं. दुसऱ्या दिवशी बाळं उबेत, झोपेतच पोचली. आयांनी तिचे हात धरले. सिस्टरला आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण समोरून साहेब हसत येताना दिसले. नको म्हणून बघितलं तिने. अहो, तुमच्याशिवाय आहे कोण, म्हणाले. पुढच्या गावचा हुकूम निघालासुद्धा होता.

लेक चिडेल, रडेल, म्हणून समजुतीचे शब्द जुळवून तिने फोन लावला. लेकीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "मग तुझं कपाट मी घेऊ का? माझे कपडे मावत नाहीत."

"घे," सिस्टर म्हणाली.