हातावरची गोळी

माया नेकनूरजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी ती अंथरुणातून उठेनाशी झाली, तेव्हा नवरा नवनाथ तिला बीडला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या तिच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने त्या आपल्या कपाटात ठेवल्या. रोज जेवणानंतर एक पांढरी गोळी तो तिच्या तळहातावर ठेवायचा. ती बरी झाली, वर्षभरात एकदाही शाळा बुडली नाही, तरी ही रीत तशीच राहिली.

दिवाळीनंतर मात्र तिला गरगरू लागलं. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. फळ्यापुढे उभी असताना रडू यायचं.

"परत तेच चालू झालं का वो?" ती नवनाथला विचारायची.

"न्हाई गं. दमलीस तू."

एका रविवारी आधार कार्ड शोधताना तिने त्याचं कपाट उघडलं. तिच्या गोळ्यांच्या चार पट्ट्या, एकही गोळी न काढलेल्या. शेजारी कॅल्शियमच्या तशाच पांढऱ्या गोळ्यांची अर्धी रिकामी डबी.

"हे काय हाय?"

नवनाथ दाढी करत होता. "बरी झालीस ना? मग कावून खायच्या जन्मभर? लोकं वेड्याच्या गोळ्या म्हणत्यात. महिना झाला बंद करून. सांगितलं असतं तर भ्याली असतीस."

"मी रडत होते तवा तुमी समोरच बसला होता."

"बघत होतो, जमतंय का."

सासू दगडाबाई भाकरी थापताना म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच केलं की त्यानं."

म्हणजे तिलाही माहीत होतं.

मायाला त्याच्या गालावरचा फेस, ओली बोटं, सगळ्याचीच किळस आली. मोरीवर जाऊन तिने तीनदा चुळा भरल्या. त्यानंतर त्याच्या हातचं पाणीही तिला पिववेना.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीने बीडला गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळ्या बंद करायच्याच आहेत," ते म्हणाले, "पण अशा एकदम नाही. आधी पुन्हा सुरू करू, मग हळूहळू कमी. केव्हा, ते तुम्ही सांगा."

"वार्षिक परीक्षा होऊ द्या. उन्हाळ्यात."

पट्ट्या आता तिच्या शाळेच्या पिशवीत राहू लागल्या. मेपासून डॉक्टरांना विचारत तिने गोळी कमी करत नेली आणि ऑगस्टअखेर थांबवली. गरगरलं नाही. झोप लागत होती. घरात तिने कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास नवनाथने विचारलं, "गोळ्या चालूच हायेत का गं अजून?"

ती वह्या तपासत होती. "तुमाला काय करायचंय?" म्हणाली, आणि खुर्ची थोडी लांब सरकवून तिने पुढची वही उघडली.