गोदूबाईचा गुणी पाळणा

मी एक जुना सागवानी पाळणा आहे. रोह्याजवळच्या वरसे गावात, गोदूबाईच्या ओटीवरच्या तुळईला मला टांगतात. जगन सुताराने मला घडवले आणि चार कोपऱ्यांवर चार लाकडी राघू बसवले. माझ्यात निजलेले एकही मूल दगावले नाही, म्हणून लोक मला गुणी म्हणू लागले. कोणाकडेही बारसे असो, पहिला मान माझा. मित्रांनो, स्तुती कोणाला कडू लागते? मीही फुगलो होतो.

गोदूबाईचा भाऊ नाथा पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबायचा. त्याच्या थोरल्या मुलीच्या बारशाला गोदूबाईने मला एसटीच्या टपावर टाकून नेले. आत्या म्हणून तिनेच बाळाच्या कानात 'सरू' हे नाव सांगितले आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या हसल्या.

सरू नववीत गेली आणि घरात कुजबुज सुरू झाली. पाऊस सरला की मिठागरातली माणसे बिऱ्हाड उचलून आगरावर राहायला जातात. वयात आलेली पोर घरी ठेवावी तर लोक बोलतात, बरोबर न्यावी तर मुकादमाची नजर वाईट. म्हणून आगर सुरू व्हायच्या आत तिला उजवून टाकायचे, ही तिथली रीत. शाळेतल्या बाईंनी नाथाला पेणच्या मुलींच्या वसतिगृहाचे सुचवले होते. तो म्हणाला, "पोरीला परक्यात ठेवू? त्यापरीस बहिणीच्या घरात दिलेली काय वाईट?"

त्याची बायको हौसा म्हणाली, "पोर लहान हाय अजून."

"आत्याच्या घरी येतेय गो," गोदूबाईने तिला गप्प केले. "वाघाच्या तोंडी देतेस काय?"

अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे, असे बाई सांगायला आल्या, तर त्यांनाच जेवणाचे आमंत्रण मिळाले. सरू आतेभावाच्या, म्हणजे कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या हिरामणच्या गळ्यात बांधली गेली.

तिची हळद उतरायच्या आत गोदूबाईने मला माळ्यावरून काढून टांगले. बारशाला वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवतात, हे तुम्ही पाहिले असेल. गोदूबाईने बारसे नसतानाच वरवंटा माझ्यात निजवला. "हालव गो रोज," ती सुनेला म्हणाली, "म्हंजे लवकर दिवस जातील." सरूला अंगाई येत नव्हती. ती दगडाला शाळेतल्या कविता म्हणून दाखवी. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारत, "काय गो, काय बातमी?" आणि पोर मान खाली घाली.

उपकेंद्रातली नर्स कृष्णाबाई एकदा हिरामण घरी असताना मुद्दाम आली. "हिचं अंग अजून भरलेलं नाही," ती म्हणाली. "विशीपर्यंत थांबा. गोळ्या आहेत, निरोध आहे, फुकट मिळतं. यात लाजायचं काय?"

हिरामणने चपलेचा अंगठा कुरवाळला. कृष्णाबाईने पुढे केलेले पाकीट गोदूबाईने चुलीत घातले. "मला तर हिच्याहून लहान दिली. मी मेले काय?"

"तुमची पहिली दोन बाळं कुठं आहेत, गोदूबाई?"

गोदूबाई चुलीत फुंकर घालू लागली. उत्तर मला ठाऊक आहे. ती दोन्ही बारशाच्या आधीच गेली. पाळण्यात मूल घालतात ते बाराव्या दिवशी. त्याआधी मरणारी माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. माझा गुण तो एवढाच. ज्या दिवशी हे उमगले, त्या दिवशी माझा फुगा फुटला. माणसांना मात्र ते कधी उमगले नाही.

शेवटी सरूला दिवस गेले. कळा लागल्या तेव्हा हिरामण शिफ्टला होता. गोदूबाईने सुईण बसवली. दुपार कलली तरी सुटका होईना, तेव्हा कुठे कृष्णाबाईला निरोप गेला. तिने धावत येऊन टेम्पो थांबवला. "आत्या, मला आईकडं सोड," एवढेच सरू म्हणत होती. रोह्याला पोचेपर्यंत मूल गेले होते. दिवेलागणीला तीही गेली.

समाचाराला आलेल्या बायकांना गोदूबाई म्हणाली, "पाळण्याला बोल लावू नका. त्यात पोर निजलंच कुठं?" आणि त्यांनी माना डोलावल्या. चीड येते मला त्या मानांची.

पुढे गोदूबाईने सरूची धाकटी बहीण रंभा हिला मागणी घातली. या वेळी हौसा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसली नाही. "वन्सं, रंभाला मी पेणच्या वसतिगृहात घातलीय. सरूच्या जागी द्यायला माझ्याकडं पोर नाय." तेवढी एक वाचली.

पण जागा रिकामी राहिली नाही. डोंगराकडच्या गावातून दुसरी पोर आली, तीही शाळा सोडूनच. लग्नात सुनेचे नाव बदलतात. गोदूबाईने ताटातल्या तांदळात 'सरू' हेच नाव काढायला लावले. हाक मारायची सवय मोडायला नको, म्हणाली. आता तीच माझी दोरी ओढते आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा, माझी धूळ झाडा. मी उलटे मागतो. मला माळ्यावर फेका, वाळवी लागू द्या. पोरींना शाळेत राहू द्या, वसतिगृहात जागा मागा. कोवळ्या पोरीच्या लग्नाच्या अक्षता हातात आल्या तर टाकू नका, बोभाटा करा. आणि लग्न होऊन गेलेच असेल, तर कृष्णाबाईला दारातून परत पाठवू नका. मी सागवानाचा आहे, कितीही वर्षे वाट पाहीन. आधी ही पोर विशीची होऊ द्या.