सामन्याआधी फेटा

पत्रिकेनुसार तीन वाजता : फुटबॉल सामना, नांदेड विरुद्ध लातूर. स्थळ अहमदपूर.

प्रत्यक्षात तीन वाजता : मंडपात सतरंज्या.

क्वामे घानाचा, नांदेडच्या संघाचा स्ट्रायकर. अक्रा, कोलकाता, मग गुडघा, मग नांदेड. कारकीर्द एवढीच. व्हिसा महिनाअखेर संपतोय. गोव्याच्या एका क्लबचं पत्र मिळालं तरच वाढेल. त्या क्लबचे प्रशिक्षक परेरा आज त्याला बघायला आलेत आणि साडेपाचच्या लातूर गाडीनं परत जाणार आहेत. त्यांच्यासमोर एक गोल हवा.

बॅनरवर : आफ्रिकेचा वाघ अहमदपुरात! वाघाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. संयोजक शिवप्रसादअण्णांचा दारातून आत जाणार नाही एवढा.

साडेतीन : दीपप्रज्वलन. वारा. पुन्हा दीपप्रज्वलन.

चार : क्वामेचा सत्कार. शाल, नारळ, फेटा. तीन वर्षांतला हा एकोणिसावा. पूर्ण नव्वद मिनिटं चाललेले सामने, चार. शालींची तो उशी करतो.

"अण्णा, पोरांना खेळू द्या की," नांदेडचे प्रशिक्षक नागसेन सर म्हणाले.

"सर, खेळ काय पळून चाललाय का? अजून सहा जण बोलायचेत. एकाचं जरी राहिलं तरी वर्षभर रुसतेत."

साडेचार : अण्णांचं भाषण. फुटबॉल मूळचा आपल्याच तालुक्यातला कसा, याविषयी.

पाच : तेच भाषण.

"सर, लई झालं," क्वामे म्हणाला.

"गप बस बाबा. तू पाहुणा हायस."

"पाहुणा न्हाई. स्ट्रायकर हाय."

पाच वाजून दहा मिनिटं. हे पत्रिकेत नव्हतं.

क्वामे उठला. उद्घाटनासाठी हार घालून टेबलावर ठेवलेला चेंडू त्यानं उचलला, हार नागसेन सरांच्या गळ्यात टाकला आणि मैदानात शिरला. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल. पेंगत बसलेले लातूरचे दोन बचावपटू दचकून आडवे धावले. पहिला घसरून पडला. दुसऱ्याच्या हातात शाल राहिली. गोलरक्षक तंबाखू थुंकून धावत आला, तोवर पंचवीस पावलांवरून चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात.

सगळं मैदान ओरडलं. क्वामेनं मंचाकडे पाहिलं.

परेरा उभे होते. त्यांचा सत्कार चालला होता. दोघं जण फेटा बांधत होते. कापड कपाळावरून घसरून डोळ्यांवर आलेलं.

"काय झालं? कोण ओरडलं?" परेरांनी फेट्याआडून विचारलं.

"काही न्हाई साहेब, हलू नका. पोरं खेळायलीत," फेटा बांधणारा म्हणाला.

साडेपाच : परेरा नारळासकट गाडीत.

अण्णा क्वामेजवळ आले. खांद्यावर हात टाकला.

"काय हाणलास रे! पण गोल धरता येत न्हाई बघ. उद्घाटनच व्हायचं होतं." मग आवाज खाली आणून, "महिनाअखेर चाललायस म्हणे? मनाला लावून घेऊ नको. निरोपाचा सत्कार ठेवूत. तारीख तेवढी सांग, पत्रिका छापायला टाकतो."