रस्सा की गोळी

लहानूजीच्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झालेला, हातमाग बंद, आणि पुतणीची वरात दोन दिवसांवर! लकडगंजातल्या डॉक्टरांनी गाऊटची गोळी दिली आणि बजावलं, "ठरल्यापेक्षा एकही जास्त नाही. जुलाब लागले की गोळी तिथंच बंद, आणि थेट माझ्याकडे यायचं." लहानूजीनं नुसती मान डोलावली. ऐकलं ते त्याच्या बायकोनं, वच्छलेनं.

पण गड्याला वरातीत नाचायचं होतं ना! एकीच्या जागी दोन-दोन गोळ्या गिळल्या. शिवाय मांडवात वच्छलेनं रांधलेलं, कोष्ट्यांचं ते जाळ सावजी मटणही हाणलं. वरातीच्या दिवशी उजाडल्यापासून हातात लोटा, अन् ओकाऱ्या वेगळ्याच. पुढची गोळी हातात धरून तो घुटमळला.

"रश्श्याचा प्रताप!" त्याचे थोरले भाऊ धोंडबा खो-खो हसले. "तिखटाचा हात सुटला वच्छलेचा. गोळी काहून सोडतं गा? घे, अंगठ्याची सूज उतरून राहिली."

सारा मांडव हसला. वच्छलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोष्ट्याच्या घरात रश्श्यानं पोट बिघडलं म्हणतात? थोरल्या भासऱ्यापुढं, नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, तिनं आजवर ना तोंड उघडलं होतं, ना ती कधी बसली होती. आज तिनं पदर खोचला.

"आख्ख्या मांडवानं खाल्ला माहा रस्सा! कोणाचं पोट गेलं, सांगा! दात आल्यापासून हे तिखट खाऊन राहिले, आजच कसं बाधलं? हे गोळीचं हाय!" नवऱ्याच्या हातातली गोळी तिनं पुडीसकट हिसकून घेतली.

"अवं, पण वरात..." लहानूजी कण्हला.

"चुलीत गेली वरात! जगसान तं सतरा वराती पाहसान!"

ओढतच तिनं त्याला सायकलरिक्षात घातलं. धोंडबा कुरकुरत मागून निघाले.

डॉक्टरांनी पुडीत उरलेल्या गोळ्या मोजल्या, नाडी पाहिली, आणि त्यांचा चेहराच उतरला. ताबडतोब सलाईन लावलं. "अंगात विष झालंय गोळीचं. आणखी घेतली असती तर माझ्याही हातात काही उरलं नसतं. थांबवली कुणी?"

धोंडबांची मान खाली गेली. "आमच्या वच्छलेनं."

वरात लहानूजीविना निघाली. वच्छला खाटेजवळून हलली नाही. जीव नुसता टांगणीला लागलेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. वच्छला धावतच बाहेर आली, रस्त्यावरच्या अनोळखी बायांना ओरडून सांगत सुटली, "जगले वं बाई, माहे मालक जगले!" हसत होती आणि डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

दारातल्या बाकावर धोंडबा बसले होते. तिला परत आत येताना पाहून ते, थोरले भासरे, उठून उभे राहिले.

"बस वं माय," ते म्हणाले.