वस्तादाला पडलेलं मत

दिल्लीत खेळांचा नवा कायदा झाला आणि त्याची झळ आमच्या निपाणीच्या आखाड्यापातूर आली. कुस्ती संघाचा अध्यक्ष म्हणं आता मतानं निवडायचा! म्हटलं, घ्या की खुशाल. आण्णाप्पा वस्तादाला कसली भीती? मैदानात कुणाची जोड कुणाबरोबर लावायची, ते आजवर मीच ठरवत आलतो. बायको गेली तवाबी दुसऱ्या दिवशी मी आखाड्यातच हुतो. ह्ये काम हातातनं गेलं तर मागं राहतंय काय? चार भिंती आणि टीव्ही.

माझ्यासमोर उभा कोण, तर वीरेंद्र! चिकोडीकडचा जैनाचा पोरगा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मला हसूच आलं.

"लई मोठा झालास की रं! पडलास तर रडू नगंस."

त्यो खाली बघतच बोलला, "न्हाय वस्ताद. पण आता जोड वजनकाट्यावर लागली पाहिजे. आणि पोरींनाबी मातीत उतरू द्या."

"पोरी? माझ्या आखाड्यात? चल निघ!"

शाळेच्या खोलीत चिठ्ठ्या टाकायच्या हुत्या. आमच्या तालमीचा रिवाज असा, की पैलवानानं मान स्वतः घ्यायचा न्हाय, समोरच्याला द्यायचा. मी ऐटीत वीरेंद्रचं नाव लिवलं. एका चिठ्ठीनं काय हुतंय? बाकी पोरं माझीच की. शामूचा निखळलेला खांदा मी बसवलेला, रवळूला घरचं दूध पाजलेलं.

चिठ्ठ्या उघडल्या. वीरेंद्र, वीरेंद्र, वीरेंद्र. माझ्या नावाची एकच निघाली. शामू मान खाली घालून बसला, रवळू मोबाईलात घुसला. तरी त्या एका चिठ्ठीला मी मनात घट्ट धरून ठेवलं. कोण असंल? रवळू? का शामू? कोण का असंना, एकजण तरी आपला हाय!

बाहेर आलो तर वीरेंद्र पाया पडला.

"वस्ताद, रिवाज मोडला न्हाय. माझं मत तुमालाच टाकलंय."

आरं देवा! मला हरवणारा एवढाच काय तो माझा. आता रागवू तरी कुणावर, आणि घरी जाऊन सांगू तरी कुणाला?