माझं देखणं चित्र

मी रात्री बघणारा कॅमेरा. दोन हजार सहा साली मंगळवार पेठेत, शंकरप्पांच्या टॉर्च-बॅटरीच्या दुकानात माझी जुळणी झाली. शंकरप्पा सातवी शिकलेले, पण बिघडलेला रेडिओ नुसत्या खरखरीवरून ओळखायचे.

मला डोळे दोन. एक चांदण्याएवढ्या उजेडात आकार बघतो, दुसरा नुसती ऊब बघतो. दोन्हींचं मिळून एक चित्र करायच्या तीन रीती त्यांच्या मुलानं, राजशेखरनं, कॉम्प्युटरवर बसवल्या होत्या.

त्यातली चांगली कोणती, हे ठरवायचं होतं. गिऱ्हाईक एका साखर कारखान्याच्या गाडीतळाचं. अंधारात ट्रॉली मागं घेताना तळावरचा माणूस वॉचमनला दिसावा, एवढंच त्यांचं मागणं. दुकानातले पिराजी उसाच्या ढिगाजवळ ताठ उभे राहिले आणि मी तिन्ही रीतींनी त्यांचं चित्र काढलं.

राजशेखरनं कॉम्प्युटरकडून गुण काढले. काठ किती रेखीव, बारकावे किती टिकले. दुसऱ्या रीतीला सर्वांत जास्त. तिच्यात पाचटाची, उसाच्या वाळक्या पाल्याची, पात न पात मोजता यायची. शंकरप्पांनी त्यांच्या परीनं परीक्षा घेतली. येईल त्याला चहा पाजून विचारायचे, कुठलं चित्र देखणं? सगळ्यांचं बोट दुसऱ्यावरच. तिसरं चित्र डागाळलेलं, पण पिराजी त्यात पांढरेफेक. एक पावणं म्हणाले, भूत उभं केलंय की.

शंकरप्पांच्या मंडळी अक्काताई गाडीवानाच्या घरातल्या. कप उचलता उचलता त्या थांबल्या.

"गाडीवान असा उभा कवा असतोय? थंडीत पाचटात शिरून झोपतोय त्यो. पिराजीस्नी झोपवून बघा की."

"आगं, उद्या गिऱ्हाईक येतंय. आन् आडवा झाला म्हणून माणूस काय बदलतोय व्हय?"

शंकरप्पा हसले. मीही खूश होतो. देखणा म्हटलेलं कुणाला नको असतं?

डिसेंबरात दुसरी रीत घालून मला तळावरच्या खांबावर चढवलं. आकाराम नावाचा गाडीवान पाचट अंगावर ओढून झोपला होता, तोंड तेवढं उघडं. माझ्या उबेच्या डोळ्याला ते दिसलं. पण दुसऱ्या रीतीनं ती ऊब पानापानांत वाटून टाकली. पडद्यावर उरलं रेखीव पाचट. वॉचमननं नीट बघितलं आणि हात केला. ट्रॉली मागं आली.

पुढं राजशेखरनं तेच चित्रण दुकानात तिसऱ्या रीतीनं लावलं. डागाळलेल्या पडद्यावर पांढरा ठिपका होता. चाक गेल्यावरही होता, हळूहळू विझत.

पिराजी उठून बाहेर गेले. शंकरप्पा अक्काताईंकडं वळले.

"तू सांगितलं हुतंस," ते म्हणाले. अक्काताईंनी पडदा बंद केला.

आता मी फळीवर, तोंड भिंतीकडं. नवे कॅमेरे येतात. पिराजी म्हातारे झालेत, तरी प्रत्येकासमोर पाचट ओढून आडवे होतात. शंकरप्पा चित्र देखणं आहे का, असं विचारत नाहीत. "पिराजी कुठं हाईत, बोट ठेवा," एवढंच म्हणतात.

मला हे तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी दुकानातच नापास झालो असतो. तेवढं नापास होणं माझ्या वाट्याला यायला हवं होतं.