रडण्याची मजुरी

तिने लाकडी पेटीची कडी सरकवली, दार सताड उघडलं, तरी कुत्र्याचं पिल्लू बाहेर आलं नाही. कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन ते बसलं होतं आणि तिच्याकडे न बघता तिच्या मागे बघत होतं. मागे नवरा उभा होता, हातात चहाचा कप घेऊन.

"बघितलंस? शिकलं," तो म्हणाला. "काल रात्री हूं की चूं नाही. आठवड्यात सुतासारखं सरळ."

"ये रे ढब्ब्या, ये." तिने चुचकारलं. रात्रपाळी करून ती नुकतीच परतली होती. नर्सचा गणवेशही अजून अंगावरच होता.

"ओढू नकोस. मी म्हटलं की येईल." त्याने वाकून बोटाने फरशीवर टकटक केलं. पिल्लू लगेच बाहेर आलं आणि त्याच्या पावलांपाशी बसलं.

नवरा सुतार होता, आणि हातात कसब असलेला. पेटी त्यानेच केली होती, उरलेल्या प्लायची. कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की पिल्लाला कुसळही लागू नये. कडीच्या चार पितळी स्क्रूंच्या खाचा एका रेषेत उभ्या. त्याच्या हातचं काम असं लांबूनही ओळखू यायचं.

पिल्लू आणलं होतं बारकीसाठी. बारकी ही तिची पहिल्या लग्नाची मुलगी, सात वर्षांची; याला ती काका म्हणायची. नव्या घरात तिला सोबत व्हावी म्हणून. पहिल्याच रात्री पिल्लाने रडून अख्खी इमारत डोक्यावर घेतली आणि सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी भांडायला उतरल्या. हे सगळं तिला नवऱ्याकडून कळलं, कारण रात्रभर ती लहान मुलांच्या वॉर्डात दुसऱ्यांची पोरं थोपटत असायची.

"रडलं तरी जवळ जायचं नाही," त्याने तेव्हाच बजावलं होतं. "उचललंस, की रडण्याची मजुरी दिल्यासारखं होतं. मग ते रोज कामावर हजर."

ती हसली होती. बोलायला तो गमत्या होता. आणि मुख्य म्हणजे आवाज चढवत नव्हता. पहिला नवरा भिंती हादरतील असा ओरडायचा, हातात येईल ते फेकायचा. दुधाने तोंड पोळलेली ती, वर्षभर हे ताक फुंकून फुंकून पीत होती, आणि वर्षभरात याचा आवाज एकदाही वर गेला नव्हता. तिला तेवढं पुरे होतं. बारकीही सुधारली होती. पूर्वी आई ड्यूटीला निघाली की पर्सचा पट्टा धरून भोकाड पसरायची. आता दारात उभी राहून शहाण्यासारखा हात हलवायची. "सुंठीवाचून खोकला गेला गं," असं तिने ताईला फोनवर सांगितलंसुद्धा होतं.

"आज लवकर येतो," कप विसळून ठेवत नवरा म्हणाला. "तू निघायच्या आधी."

तो गेला, बारकी शाळेत गेली, आणि ती पांघरूण ओढून झोपली.

दुपारी जाग आली ती कुजबुजीने. बारकी शाळेतून आली होती. बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथी पडून तिने डोकं पेटीत घातलं होतं.

"असं नाही रे वेड्या. आधी तोंड खुपसायचं. मग चादर दातात धरायची. मग रडायचं. पोट हलतं, पण आवाज येत नाही. बघ हं."

बारकीने करून दाखवलं. तिची पाठ थरथरली, खांदे उडाले. आवाज खरंच आला नाही.

"आवाज आला की काका एक रात्र वाढवतात. माझ्यापण खूप वाढल्या होत्या आधी. आता मला येतं."

ती दारातच खिळली. वॉर्डात नव्याने आलेल्या नर्सना ती स्वतः सांगायची, रडणाऱ्या पोराची चिंता नको, गप्प पडलेल्याकडे आधी धावा.

"बारके, काय वाढवतात काका?"

बारकी दचकून उभी राहिली. आईकडे न बघता तिने आईच्या मागे पाहिलं.

"मी एकटीच आहे," ती म्हणाली. "सांग मला."

"माझ्या खोलीची कडी. रात्री लावतात. पण आई, मी आता रडतच नाही. पाणीसुद्धा मागत नाही. आईला सांगायचं नाही म्हणाले, ती दमून येते."

कडी तिने पाहिली नव्हती असं नाही. सुताराच्या घरात कड्या-बिजागऱ्यांचं काय नवल! दाराला बाहेरून बसवलेली होती, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. चार पितळी स्क्रू, खाचा एका रेषेत उभ्या. आत पलंगावर बारकीची चादर होती, कोपरे चावून चावून चिंध्या झालेली. पिल्लाचे उद्योग म्हणून कालच तिने एक कोपरा शिवला होता. पण शेजारच्या कोपऱ्याची शिवण जुनी होती. ती तिने घातली तेव्हा पिल्लू घरात आलंही नव्हतं.

तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. तिने पिशवी काढली, बारकीचे कपडे कोंबले, दप्तर वर ठेवलं आणि फोन लावला.

"ताई, आम्ही येतोय. आत्ता निघतो."

"अगं, झालं काय? ओरडला का तो?"

"नाही गं. ओरडला असता तर तेव्हाच कळलं असतं."

पिल्लू काही केल्या पेटीतून निघेना. तिने हाका मारल्या, चुचकारलं. शेवटी बारकीने वाकून बोटाने फरशीवर टकटक केलं. ते मुकाट बाहेर आलं आणि तिच्या पावलांपाशी बसलं.

ते पाहून तिचा बांध फुटला. भिंतीला टेकून ती खाली बसली, बारकीला तिने पोटाशी ओढलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. आता कुणाची चोरी! इमारतभर ऐकू जाऊ दे, तिला वाटलं.

जिन्यात पावलं वाजली. दाराबाहेर हत्यारांची पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. तो खिशात किल्ली शोधत असणार.

बारकीला ते तिच्याआधी कळलं होतं. तिचा एक हात पिल्लाच्या तोंडावर गेला आणि दुसरा आईच्या.

"आई, चादर आणू?" तिने कानात विचारलं. "काका आले."